बालनाट्यासाठी सल्ला हवाय: मारामारी न करणारा रॉबिन स्टेजवर चालेल का?

कर्वेनगरी

नमस्कार मंडळी.

आमच्या सोसायटीत गणपतीत मुलांचं नाटुकलं असतं. यंदा ते लिहून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मुलांनी परस्पर ठरवून टाकलंय की बॅटमॅन पुण्यात आलेला दाखवायचा. त्याला माझी हरकत नाही. पुण्यात कोणीही येतं आणि इथलंच होऊन बसतं.

पेच त्याच्या साथीदाराचा, रॉबिनचा आहे. ज्याला ते काम दिलंय तो आठवीतला मुलगा म्हणतो, मी टिम ड्रेकच करणार. डिक ग्रेसन नको, कारण कोलांट्या येत नाहीत. जेसन टॉड नको, कारण तो मरतो आणि आज्जी रडेल. टिम हवा, कारण तो डोक्याच्या जोरावर रॉबिन झाला. तपास करतो, संगणक चालवतो, पुरावे जुळवतो. मी त्याच्याकडूनच कॉमिक्सचे काही जुने अंक घेऊन वाचले आणि मलाही पात्र आवडलं. पण स्टेजवर एक मुलगा लॅपटॉपसमोर टकटक करतोय आणि अधूनमधून "सापडलं!" म्हणून ओरडतोय, हे किती वेळ बघवेल? दुसऱ्या मिनिटाला पब्लिक प्रसादाच्या रांगेत.

तर जाणकारांनी सांगावं. नुसती हुशारी असलेला असा साथीदार गोष्टीत खरंच उभा राहतो, की बॅटमॅनच्या मागे फाईल धरणारा कारकून होतो? आणि उभा राहत असेल तर पंधरा मिनिटांत तो दाखवायचा कसा?

भोचक_भवानी

बॅटमॅन पुण्यात आला तर आधी गाडी कुठे लावणार ते लिहा. पी-१, पी-२ चा बोर्ड आणि आजची तारीख यांचा मेळ घालण्यातच तुमचा पहिला अंक जाईल.

आंबा_बर्फी

एक भाबडा प्रश्न. रॉबिन एकाहून जास्त आहेत? मला हिरव्या चड्डीतला एकच माहीत आहे.

गॉथम_पेठ

@आंबा_बर्फी, बरेच आहेत. थोडक्यात सांगतो (जमणार नाही, पण प्रयत्न करतो).

पहिला डिक ग्रेसन, १९४० चा. बॅटमॅन त्याच्या आधी वर्षभर एकटाच फिरत होता. लेखक बिल फिंगरची अडचण अशी की बॅटमॅनला बोलायलाच कोणी नव्हतं. होम्सला वॉटसन असतो, तसं कोणीतरी हवं होतं. म्हणजे साथीदार मुळात संवादासाठी आला, गुद्दे मारायला नाही. कर्वेनगरी, हे लिहून ठेवा.

डिक मोठा होऊन नाइटविंग नावाचा स्वतंत्र नायक झाला. मग जेसन टॉड. तो बऱ्याच वाचकांना रुचेना, तेव्हा १९८८ साली कॉमिक्स छापणाऱ्या डीसी कंपनीने चक्क फोनवरून कौल घेतला, याला ठेवायचा की मारायचा? मारा म्हणणारे ५,३४३, ठेवा म्हणणारे ५,२७१. ७२ मतांनी पोरगं गेलं.

पुढच्या वर्षी, १९८९ मध्ये, टिम ड्रेक आला. मार्व वुल्फमन आणि चित्रकार पॅट ब्रॉडरिक यांनी निर्माण केलेला. आता वाचकांनी एका रॉबिनला नुकतंच घालवलंय, दुसरा आणायचा तर तो त्यांना पटला पाहिजे. म्हणून त्याची एंट्री फार विचार करून लिहिलेली आहे. लहानपणी टिम आईवडिलांबरोबर सर्कशीला गेलेला असतो. त्याच रात्री डिकचे आईवडील झुल्यावरून पडून मरतात. पुढे नऊ वर्षांचा असताना टीव्हीच्या बातम्यांत त्याला रॉबिन दिसतो, हवेत चार वेळा फिरणारी कोलांटी घेताना. ती कोलांटी जगात फार थोड्यांना जमते आणि त्यांतला एक डिक, हे टिमला सर्कशीपासून माहीत. म्हणजे रॉबिन हा डिक. डिकला सांभाळतो ब्रूस वेन. म्हणून बॅटमॅन हा ब्रूस वेन. बॅटमॅनच्या गॉथम शहरातल्या तमाम खलनायकांना जे जमलं नाही ते पोराने टीव्हीसमोर बसून काढलं.

आणि काढून काय केलं? काही नाही. गप्प बसला. वर्षानुवर्षं. जेसन गेल्यावर बॅटमॅन बेभान होऊन मार खायला लागला तेव्हा कुठे हा तेरा वर्षांचा मुलगा डिकला शोधत गेला आणि म्हणाला, तू परत रॉबिन हो, त्यांना रॉबिन लागतो. स्वतः रॉबिन व्हायचं त्याच्या मनातही नव्हतं. मला हा भाग सर्वांत जास्त आवडतो.

काथ्याकूट_काका

मतदान करून पात्र मारण्याची ही पद्धत आपल्या रात्री आठच्या मालिकांना कोणी कळवेल का? एका आठवड्यात सगळं घर रिकामं होईल.

आंबा_बर्फी

हसून हसून पुरेवाट, काका.

आणि गॉथम_पेठ, धन्यवाद. "थोडक्यात" पोहोचलं.

नारायणपेठी_नग

सगळे गोड बोलतायत म्हणून काडी टाकतो.

हा मुलगा बॅटमॅनच्या मागावर फिरतो, त्याचे फोटो काढतो आणि ते घेऊन डिककडे जातो. आपल्या वाड्यात कोणी असं केलं असतं तर त्याला 'हुशार' म्हटलं असतं की चौकीवर नेलं असतं? दुसरं म्हणजे टिम पैसेवाल्या घरातला. आईवडील परदेशी फिरतायत, मुलगा चांगल्या निवासी शाळेत, हातात कॅमेरा, संगणक, भरपूर वेळ. जेसन कुठे सापडला? बॅटमोबाईलची चाकं चोरताना. त्या पोराला मतं टाकून मारायचं आणि बंगल्यातल्या मुलाला 'बुद्धिमान' म्हणून आणायचं. मला यात गंमत वाटत नाही. माझं मत जेसनला.

कार्टून_कट्टा

थांबा थांबा. मी लहानपणी कार्टूनमध्ये पाहिलेला टिम गरीबच होता की! बाप टू-फेस नावाच्या खलनायकाच्या टोळीत, पोरगा एकटाच खोलीत राहणारा. तुम्ही कोणाबद्दल बोलताय?

गॉथम_पेठ

@कार्टून_कट्टा, ते १९९७ चं कार्टून. त्यात नाव टिमचं ठेवलं आणि घरची परिस्थिती बरीचशी जेसनसारखी घेतली. त्यामुळे टीव्हीवर वाढलेल्यांचा टिम वेगळा आणि अंक वाचणाऱ्यांचा वेगळा.

@नग, पैशाचा मुद्दा मान्य. पण एक बघा, त्याला सुख काही लागलं नाही. १९९० मध्ये आईवडिलांचं अपहरण होतं, आई विषाने जाते, वडील अपंग होतात. तोवर त्याला रॉबिनचा पोशाखही मिळालेला नाही. आणि पाळतीचं म्हणाल तर बॅटमॅनचा सगळा धंदाच पाळतीचा आहे, पोरगं योग्य दुकानात कामाला लागलं.

नारायणपेठी_नग

शेवटच्या वाक्याला हसलो. बाकी मत तेच.

सायकलस्वार

पुण्यात बसून अमेरिकेतला पोरगा कशाला आणायचा? आपला फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे (फाफे), काय वाईट आहे? विद्याभवनात शिकतो, सायकलवर टांग मारतो, जिभेने 'टॉक्' करतो आणि रहस्य सोडवून मोकळा. भा. रा. भागवतांनी त्याला ना लॅपटॉप दिला ना मुखवटा. आणि साथीदारच हवा असेल तर बाबुराव अर्नाळकरांच्या धनंजयबरोबर छोटू होताच. आमच्या आधीची पिढी लायब्ररीत त्यासाठी नंबर लावायची.

पेनाचं_टोपण

+१ फाफेला.

रंगमंच_मागचा

सायकलस्वार, फाफेबद्दल प्रेम आहेच, पण तो कोणाचा साथीदार नाही. तो आपल्या गोष्टीचा राजा. साथीदाराची अडचण वेगळी असते. त्याच्यापेक्षा उंच, बलवान आणि प्रसिद्ध माणूस त्याच खोलीत उभा असतो. मग साथीदाराला तिथे कशासाठी ठेवायचं? तर मोठ्याला जे दिसत नाही ते त्याला दिसलं पाहिजे. नाहीतर लेखक त्याला फक्त "गुरुजी, हे कसं ओळखलंत?" विचारायला वापरतो. छोटूचंही बऱ्याचदा तेच व्हायचं.

मी प्रायोगिकवर अनेक वर्षं प्रकाशयोजना करतोय. स्टेजबद्दल रात्री सविस्तर लिहितो, आता तालीम आहे.

सायकलस्वार

छोटूबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही.

लॉगवाचक

हिंजवडीत सायबर सुरक्षेत आहे, म्हणून राहवत नाही.

कर्वेनगरी, लॅपटॉपवर टकटक आणि हिरवी अक्षरं धो धो खाली येतायत, असलं काही दाखवू नका. आमच्या कामात कोणी असं टाइप करत नाही. आम्ही वाचतो. कोण कधी आत आलं, कुठून आलं, काय उघडलं, याच्या नोंदींच्या ओळीच्या ओळी. त्यात एखादी ओळ चुकीच्या जागी बसलेली दिसते. रजेवर असलेला माणूस पहाटे तीनला लॉगिन करतो. दर महिन्याला चालणारा प्रोग्राम या महिन्यात दोनदा चालतो. एवढंच असतं. ते दिसण्यासाठी नेहमीचं काय हे पाठ असावं लागतं, आणि ते पाठ व्हायला कंटाळा सहन करावा लागतो.

टिम मला त्याच कारणासाठी खरा वाटतो. त्याच सुमाराच्या, १९९० च्या, एका गोष्टीत ब्रूस टिमच्या आईवडिलांना शोधायला बाहेर गेलेला असतो आणि हा बॅटमॅनच्या गुहेतल्या संगणकावर बसून मनीस्पायडर नावाच्या हॅकरचा माग काढतो. हा हॅकर कंपन्यांचे पैसे भलतीकडे वळवत असतो. शेवटी निघतो कोण, तर सुधारगृहात बसलेला एक किशोरवयीन मुलगा, जो आधी अनार्की म्हणून बॅटमॅनशी भिडलेला असतो. दोन पोरं, दोन संगणक, मध्ये कोणी मोठा माणूस नाही. त्या अंकांतली यंत्रं आज बघून हसू येतं. सर्कशीतली कोलांटी मात्र आजही शंभर टक्के चालते, कारण तिथे संगणकच नाही. एकदा पाहिलेलं दुसरीकडे ओळखणं, बस.

निवृत्त_नारळ

वा, लॉगवाचक. यावरून आठवलं. हा टिम गुहेत बसून महासंगणक चालवत होता त्याच सुमारास आपल्या गणेशखिंडीत सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत परम ८००० हा महासंगणक उभा राहत होता. संस्था १९८८ ची, यंत्र १९९१ चं. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली म्हणून इथे बांधायला घेतलेलं. विद्यापीठाच्या आवारात तेव्हा इतकी झाडी होती की वटवाघळांचीही कमी नव्हती, म्हणजे नेपथ्य तयारच! सामान्य माणसाला मात्र इंटरनेटसाठी १५ ऑगस्ट १९९५ पर्यंत थांबावं लागलं. नंतर आमच्याकडे मोडेम आला तेव्हा तो किंचाळायला लागला की शेजारच्या काकू विचारायला यायच्या, "कोणाला काही झालं का?"

काथ्याकूट_काका

आणि तेवढा वेळ फोन एंगेज. बॅटमॅनला रॉबिनशी बोलायचं तर स्वतः घरी यावं लागलं असतं.

भोचक_भवानी

आमच्याकडे फोनला कुलूप होतं. टिमने आधी ते उघडून दाखवावं.

ओरॅकलची_फॅन

इतके प्रतिसाद झाले आणि बार्बरा गॉर्डनचं नाव कोणीच घेतलं नाही? धन्य आहे.

बॅटमॅनच्या सगळ्या गोतावळ्यात संगणकाचं खरं डोकं तिचं. पोलिस कमिशनर गॉर्डनची मुलगी, आधी बॅटगर्ल. १९८८ च्या गोष्टीत जोकर तिला गोळी घालतो आणि तिचे पाय जातात. एखाद्या लेखकाने तिथेच सोडून दिली असती. पण १९८९ मध्ये जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या दोघांनी तिला ओरॅकल म्हणून परत आणली. व्हीलचेअरवर बसून अख्ख्या शहराची खबर ठेवणारी. तिच्याकडून माहिती मिळाल्याशिवाय बॅटमॅनचंही पान हलेना. टिम चांगला आहे, पण या विषयात तो तिचा धाकटा भाऊ म्हणावा इतपतच.

कर्वेनगरी, तुमच्या नाटकात मुली आहेत का? की सगळ्या नेहमीसारख्या स्वागतगीताला?

कर्वेनगरी

@ओरॅकलची_फॅन, मुली जास्त आहेत आणि स्वागतगीत यंदा मुलगे म्हणणार आहेत. ओरॅकलची कल्पना झकास. नुसता आवाज ठेवला तरी चालेल, आमच्याकडे एक मुलगी आहे जिला माइक दिला की परत घ्यावा लागतो.

वकीलीणबाई

मजा चालली आहे, पण एक गंभीर सूचना. रॉबिन कोणाच्या संगणकात शिरतो आणि पब्लिक टाळ्या वाजवतं, असा प्रसंग घालू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरलं तर कलम ४३ खाली नुकसानभरपाई, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. समोर बसलेल्या सातवी-आठवीच्या मुलांना हे 'कूल' वाटायला नको. माझ्याकडे असे पालक येतात, मुलाने मित्राचं खातं 'गंमत म्हणून' उघडलेलं असतं.

नारायणपेठी_नग

बघा, मी पाळत म्हटलं तेव्हा हसलात. आता कलम आलं.

वकीलीणबाई

नग, तुमच्या जेसनने चाकं चोरली होती. चोरीचं कलम सांगू का?

नारायणपेठी_नग

दंडवत. मी बसतो खाली.

रंगमंच_मागचा

आलो.

हुशारी स्टेजवर दाखवता येत नाही. हुशार माणसाने घेतलेला निर्णय दाखवता येतो. गॉथम_पेठ, टिमला पोशाख कसा मिळतो ती गोष्ट तुम्ही सांगा, मी वाचली आहे पण तुम्हाला तपशील जास्त ठाऊक. मला वाटतं नाटक तिथे आहे.

गॉथम_पेठ

१९९० च्या शेवटाला येते. बॅटमॅनने टिमला महिनोन्‌महिने नुसतं शिकवलंय, बाहेर पाऊल टाकू दिलेलं नाही. जेसनचा धसका घेतलेला आहे. सक्त ताकीद अशी की माझ्या मागे यायचं नाही. बॅटमॅन स्केअरक्रो या खलनायकाच्या तावडीत सापडतो. टिम घरी बसून पुराव्यांवरून शोधून काढतो की तो कुठे असणार. आता करायचं काय? गेला तर आज्ञा मोडली, म्हणजे रॉबिन होण्याची संधी कायमची गेली. नाही गेला तर बॅटमॅन गेला. तो जातो. पण रॉबिनचा पोशाख घालून नाही, कारण तो त्याला दिलेला नाही. साधे कपडे आणि तोंडावर माकडटोपीसारखा मुखवटा. बॅटमॅनला वाचवतो, आणि मग त्याला नवा पोशाख मिळतो.

रंगमंच_मागचा

हेच. लॅपटॉप विंगेत ठेवा, पडदा प्रेक्षकांना दाखवूच नका. प्रेक्षकांना पुरावा दाखवा. आणि तो त्यांना रॉबिनच्या क्षणभर आधी दिसला पाहिजे. मग पोरं खाली बसून ओरडतात, "अरे तिकडे बघ, तिकडे बघ!" बालनाट्यात याच्यासारखं सुख नाही. सगळ्यांना कळलंय, रॉबिनला कळतंय, आणि बॅटमॅन मात्र गच्चीवर उभा राहून गंभीर चेहऱ्याने भलतीकडे बघतोय. त्याला केप उडवायला एक टेबलफॅन द्या. तोही खूश, आईबापही खूश.

आता हवा एक पुरावा, जो शेवटच्या रांगेतून दिसेल.

भोचक_भवानी

मी सांगते. मंडळाची खजिनदार आहे, उगाच नाही भोचक.

वर्गणीच्या टेबलावर क्यूआर कोडची पाटी असते ना? ती मोठी करून स्टेजवर मधोमध लावा. आरती सुरू होते, सगळे डोळे मिटतात, आणि तेवढ्यात एक जण त्या पाटीवर दुसरं स्टिकर चिकटवून सटकतो. प्रेक्षकांना दिसलं, पात्रांना नाही. त्यानंतर लोक येतायत, खटाखट स्कॅन करतायत, खजिनदारबाई पावत्या फाडतायत. रात्री हिशेबाला बसल्यावर बोंब. पावत्या भरपूर, खात्यात पैसे कमी. लगेच मंडळात भांडण, कोणी खाल्ले? (हा संवाद मुलांना शिकवावा लागणार नाही, घरी ऐकलेला असतो.) बॅटमॅन म्हणतो, जोकरचं काम आहे, मी सारसबागेकडे जातो.

रॉबिन काय करतो? पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती घेतो आणि बँकेच्या नोंदींशी एकेक जुळवतो. आरतीआधीच्या सगळ्या जुळतात, आरतीनंतरची एकही नाही. म्हणजे पैसे कोणी खाल्ले नाहीत, ते आलेच नाहीत. मग उठून पाटीपाशी जातो आणि खिशातून एक रुपया पाठवायला घेतो.

लॉगवाचक

भवानीताई, नोकरी हवी असेल तर सांगा. चेष्टा नाही.

पिन टाकायच्या आधी ॲपवर पैसे घेणाऱ्याचं नाव येतं. तिथे मंडळाच्या नावाऐवजी भलतंच नाव! रॉबिनने ते मोठ्याने वाचायचं आणि थांबायचं. पिन टाकायचा नाही. मग नखाने स्टिकर उचकटायचं, खालून खरा कोड. दुकानांवर असे प्रकार खरोखर होतात. म्हणजे यात संगणक आहे, तपास आहे आणि वकीलीणबाईंचं कलमही लागत नाही.

वकीलीणबाई

लागतं, पण चोराला. आणि शेवटी ओरॅकलच्या आवाजात १९३० सांगा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. टाळ्यांच्या आधी सांगा, टाळ्यांनंतर कोणी ऐकत नाही.

आंबा_बर्फी

आज्ञा मोडायचा प्रसंग कुठे येतो मग?

रंगमंच_मागचा

चांगला प्रश्न. बॅटमॅन जाताना सांगून जातो, मी येईपर्यंत कोणीही मांडवातली एकही वस्तू हलवायची नाही, पुरावे आहेत. आणि रॉबिनला पाटीला हात तर लावायला हवा. तिथे थांबवा त्याला. मोजून तीन श्वास. बाकी सगळा प्रकाश खाली, फक्त पाटी आणि पोरगा.

नारायणपेठी_नग

बसलो होतो, उठतो. हे कोणतंही चौकस पोर करेल. यात रॉबिन कशाला हवा? आणि चोर कोण ठेवताय ते नीट बघा. अध्यक्ष ठेवू नका, ते समोर बसलेले असतात.

गॉथम_पेठ

नग, टिमबद्दल तक्रार करताना तुम्हीच म्हणालात ना, तो बंगल्यातला, त्याला सगळं आयतं होतं? मग हा मांडवातला घ्या. वडील ढोल-ताशा पथकात, आई पावत्या फाडतेय, हातात आईचाच फोन. तपास तोच राहतो.

नारायणपेठी_नग

असा असेल तर माझी एक पावती फाडा. रोख देईन, क्यूआर नको.

कर्वेनगरी

मंडळी, काम झालं. भवानीताईंचं कथानक जसंच्या तसं उचलतोय, निवेदनात नाव घेईन. चोर म्हणून केबल दुरुस्तीला आलेला अनोळखी माणूस दाखवतो, सोसायटीत राहायचंय मला. रॉबिनला सांगितलं तर म्हणाला, "लॅपटॉप नाही?" थोडा नाराज झाला, पण टाचणी पडली तरी ऐकू येईल असा तीन श्वासांचा प्रसंग आहे म्हटल्यावर तयार झाला. ओरॅकलने आत्तापासूनच सगळ्यांना हुकूम सोडायला सुरुवात केलीय.

आता कपड्यांचं. आई मंडळी तुळशीबागेत निघाली आहे. केप पिवळी की काळी?

गॉथम_पेठ

बाहेरून काळी, आतून पिवळी. टिमचा पहिला पोशाख नील अ‍ॅडम्सने आखलेला. लाल अंगरखा, हिरव्या बाह्या, आणि मुख्य म्हणजे अर्धी चड्डी गेली, पूर्ण हिरवी विजार आली. आंबा_बर्फी, नोंद घ्या. हातात घडीची लांब काठी असते. ती मिळाली नाही तर पथकातल्या ध्वजाची काठी चालेल.

आणि छातीवरचं 'आर' काढून चांदणीसारखं फेकता येतं. पुठ्ठ्याचं केलंत तरी मुलाला हे सांगू नका.

भोचक_भवानी

त्याला ते आधीच माहीत असणार. पहिल्या रांगेतल्या देणगीदारांच्या खुर्च्या दोन फूट मागे घ्या.